गेटवरचं कुत्रं कुणाची राखण करतं?

चाकणच्या एमआयडीसीत तिसरी पाळी आत गेली, कामगारांच्या बसगाड्या रिकाम्या होऊन निघून गेल्या, की बहुतेक कारखान्यांच्या गेटवर दोघंच जागे उरतात. केबिनमधला वॉचमन आणि केबिनच्या पायरीशी अंगाचं मुटकुळं करून पडलेलं कुत्रं. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाहीतर इकडे भोसरी, तळवडे, चिखली, कुठल्याही रस्त्याने जा, हे दिसतंच. ते कुत्रं कुणी विकत आणलेलं नसतं. त्याचा परवाना नसतो, बहुतेकदा गळ्यात पट्टाही नसतो. पण वॉचमनला विचारलं तर तो ठामपणे सांगतो, ‘आपलंच आहे. ते आहे म्हणून रात्र निघते.’

त्याचं हे म्हणणं कितपत खरं? कुत्रं माणसाची राखण करतं म्हणजे नेमकं काय करतं? ते माणसासाठी जिवावर उदार होतं, की स्वतःची हद्द सांभाळतं आणि त्या हद्दीत आपण असतो म्हणून आपलीही राखण होऊन जाते? त्याचं इमान जन्मभर एकाच धन्याशी असतं का? आपल्याकडे या प्रश्नांवर दंतकथा भरपूर आहेत, थोडा लेखी इतिहास आहे, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत झालेलं बरंच शास्त्रीय काम आहे, जे मराठीत फारसं आलेलं नाही. हे सगळं एकत्र ठेवून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे: कुत्र्याची माया खरी आहे, मोजता येण्याइतकी खरी. पण ती मालकीला चिकटत नाही, सहवासाला चिकटते. त्याची राखण मुख्यतः हाक देण्याची आहे. आणि या व्यवहारात माणसाने आपल्या बाजूने काय द्यायचं, हे आपण कधी नीट ठरवलेलंच नाही.

आधी परंपरा पाहू. चाकण ज्या खेड तालुक्यात येतं त्याच तालुक्यात निमगावचा खंडोबा आहे. आकुर्डीलाही खंडोबाचा माळ आहे. खंडोबासोबत घोडा असतो तसा कुत्राही असतो, आणि देवाच्या दारातलं कुत्रं होऊन राहण्याचं व्रत घेणारे वाघ्ये आजही जेजुरीला भेटतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, भैरवाचं वाहन कुत्रा. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला नकार देतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर वारकऱ्यांच्या घराघरांत माहीत आहेत. या शेवटच्या दोन कथांकडे मला विशेष लक्ष वेधायचं आहे. त्यांत परीक्षा कुत्र्याच्या इमानाची नाही, माणसाच्या आहे.

इतिहासात शिरलं की पहिलं नाव निघतं ते रायगडावरच्या वाघ्याचं. शिवछत्रपतींच्या समाधीजवळचं ते स्मारक १९३६ साली, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून उभं राहिलं. महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची कथा महाराष्ट्रभर पसरली, राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकातही वाघ्या आहे. पण समकालीन कागदपत्रांत या कुत्र्याचा पुरावा मिळत नाही, असं इतिहासाचे अभ्यासक सांगत आले आहेत. ऑगस्ट २०१२ मध्ये तो पुतळा हटवला गेला आणि थोड्याच दिवसांत परत बसवला गेला. २०२५ मध्ये तो ३१ मेपूर्वी हटवावा अशी मागणी झाली आणि वाद पुन्हा पेटला. त्या वादात मी पडत नाही. एवढंच म्हणतो की इमानी कुत्र्याची गोष्ट ऐकायला माणूस इतका आसुसलेला असतो की पुराव्याची वाट पाहत नाही.

नवल हे, की जिचा लेखी आधार बराच भक्कम आहे अशी एक गोष्ट साताऱ्याजवळ पडून आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. संगम माहुलीला छत्रपती थोरल्या शाहूंच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीच्या वेळी वाघापासून या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी हकीकत. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे की त्या उपकाराबद्दल शाहूंनी कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद काढली, त्याला पालखीचा मान दिला आणि पालखीचा सरंजाम खरोखर चालवला. कुत्र्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घालून दरबारात आणल्याचंही तो सांगतो. डफला हा राजाचा लहरीपणा वाटला. मला तसं वाटत नाही. जिवावरचं संकट टाळणाऱ्याला जहागीर आणि पालखी द्यायची हा त्या काळचा रिवाजच होता. शाहूंनी तो पाळताना माणूस की जनावर, एवढं पाहिलं नाही.

याहून जुना पुरावा कर्नाटकातला आहे, पण राज्य राष्ट्रकूटांचं, म्हणजे आपल्याला परकं नाही. मंड्याजवळच्या आतकूर इथला इ. स. ९४९-५०चा वीरगळ बंगळुरूच्या संग्रहालयात ठेवला आहे. काळी नावाच्या शिकारी कुत्रीने रानडुकराला झुंज दिली, दोघंही मेली, आणि तिच्या धन्याने तिच्यासाठी दगड कोरवून घेतला. कृष्ण तिसऱ्याच्या काळातल्या मोठ्या लढाईची नोंद ज्या दगडावर आहे त्याच दगडावर या कुत्रीचीही नोंद आहे.

आता शास्त्राकडे येऊ. इथे जरा रेंगाळणं भाग आहे, कारण इथेच आपल्या बऱ्याच समजुती तपासल्या जातात.

जर्मनीत बॉनजवळ ओबरकॅसल इथे १९१४ साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचं एक मोठं होत आलेलं पिल्लू. २०१८ मध्ये त्या पिल्लाच्या दातांचा पुन्हा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की त्याला डिस्टेंपर होऊन गेला होता. हा रोग पिल्लाला आठवडेच्या आठवडे आडवं पाडतो. कुणी ऊब दिली नाही, साफ केलं नाही, पाणी पाजलं नाही, तर ते जगत नाही. आजारी पिल्लू शिकारीलाही उपयोगाचं नाही आणि राखणीलाही नाही. तरी कुणीतरी ते जगवलं आणि मेल्यावर माणसांच्या शेजारी पुरलं. काश्मीरमधल्या बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन वस्तीतही माणसांसोबत पुरलेली कुत्री सापडली आहेत. ओबरकॅसलचं दफन हे कुत्रा आणि माणूस यांच्या नात्याच्या हाती लागलेल्या सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी एक आहे, आणि ते माणसाने केलेल्या शुश्रूषेचं आहे.

या सहवासाने कुत्र्याच्या मेंदूत आणि रक्तात काय घडवलं, हे अलीकडे मोजलं गेलं. तान्ह्या मुलाचं आईशी नातं तपासायची एक पद्धत मानसशास्त्रात आहे. अनोळखी खोलीत मुलाला आणायचं, आईला बाहेर पाठवायचं, परक्या व्यक्तीला आत पाठवायचं आणि मूल काय करतं ते पाहायचं. १९९८ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी, योझेफ टोपाल, आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हीच परीक्षा कुत्र्यांची घेतली. मालक जवळ असला की कुत्री खेळायची, खोली हुंगायची. तो गेला की दाराशी जाऊन उभी राहायची. परत आल्यावर त्याचं स्वागत परक्या माणसाच्या स्वागताहून वेगळं असायचं. २०१५ मध्ये जपानमधल्या मिहो नागासावा आणि त्यांच्या गटाने दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळ यांच्यातली ओढ घट्ट करणारं हेच ते संप्रेरक. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत हे दिसलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेत ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना एमआरआय यंत्रात स्थिर पडून राहायला शिकवून त्यांच्या नाकाशी वेगवेगळे वास धरले. मेंदूतला सुखाची अपेक्षा जागवणारा भाग ओळखीच्या माणसाच्या वासाने सर्वांत जास्त उजळला, ओळखीच्या कुत्र्याच्या वासानेही तेवढा नाही.

म्हणजे माया खरी. आता राखण?

इथे मात्र निकाल मिश्र आहेत. कॅनडात २००६ मध्ये क्रिस्टा मॅकफर्सन आणि विल्यम रॉबर्ट्स यांनी एक साधा प्रयोग केला. कुत्र्याला घेऊन चाललेल्या मालकाने मैदानात हृदयविकाराचा झटका आल्याचं नाटक करून कोसळायचं. जवळच एक माणूस बसलेला. कुत्रं त्याच्याकडे जाऊन मदत मागतं का? एकाही कुत्र्याने मागितली नाही. पुस्तकांचं कपाट मालकाच्या अंगावर पडल्याचं नाटक झालं, तेव्हाही नाही. ज्यांनी सिनेमातलं कुत्रं पाहिलं आहे त्यांना हे कडू वाटेल. पण २०२० मध्ये ॲरिझोनात जोशुआ व्हॅन बर्ग आणि क्लाइव्ह वाइन यांनी प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. मालकाला मोठ्या खोक्यात बसवलं आणि आतून घाबरून हाका मारायला सांगितलं. ६० कुत्र्यांपैकी साधारण एक तृतीयांश कुत्र्यांनी खोकं उघडलं. हे प्रमाण कमी वाटतं, पण त्याच खोक्यात खाऊ टाकला तेव्हाही १९ कुत्र्यांनाच ते उघडता आलं होतं. आणि ज्यांना उघडायची युक्ती जमत होती त्यांतल्या ८४ टक्के कुत्र्यांनी मालकाला सोडवलं. इच्छा असते, कसब नसतं. परिस्थिती उलगडून, तिसऱ्या माणसाला बोलावून आणण्याची अक्कल कुत्र्याकडून अपेक्षिणं हे आपलं चुकतं. आपलं माणूस कळवळून हाक मारतंय, हे मात्र त्याला पोचतं.

क्योतोत २०१५ मध्ये हितोमी चिजिइवा यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मालक डबा उघडायला धडपडतोय आणि शेजारच्या माणसाने मदत नाकारून तोंड फिरवलं, तर कुत्रं नंतर त्या माणसाच्या हातचा खाऊ घ्यायचं टाळतं. आपल्या माणसाशी कोण कसं वागलं याची नोंद ते ठेवतं, त्यात त्याचा स्वतःचा काही लाभ नसला तरी.

मग राहते ती सगळ्यात रोजची राखण, भुंकणं. पीटर पोंग्रात्झ आणि मिक्लोशी यांच्या गटाने मुडी जातीच्या कुत्र्यांचं भुंकणं टेप करून माणसांना ऐकवलं. कुत्रं परक्याला पाहून भुंकतंय, खेळताना भुंकतंय की एकटं बांधून ठेवल्यामुळे, हे लोकांना नुसत्या आवाजावरून बऱ्यापैकी ओळखता आलं, कुत्रं न पाळणाऱ्यांनाही. परक्यावरचं भुंकणं खालच्या पट्टीतलं, घोगरं आणि झटपट असतं. वॉचमन हे प्रयोगाशिवाय जाणतो. डोळा लागलेला असला तरी कुत्रं दुसऱ्या कुत्र्यावर भुंकलं तर तो कूस बदलतो, माणसावर भुंकलं तर उठून टॉर्च घेतो. पुढचं काम, म्हणजे कंपाउंडपर्यंत जाणं, शिट्टी मारणं, सुपरवायझरला फोन लावणं, हे त्याचं. कुत्र्याने आपलं काम केलेलं असतं. चोराच्या नरडीला झेप घेणारं कुत्रं क्वचित लागतं. वेळेवर जागं करणारं रोज लागतं.

गेटवर थोडा वेळ उभं राहिलं तरी कुत्र्याची वर्गवारी कळते. बॉयलर सूटमधल्या कामगारांच्या घोळक्याकडे ते मान वर करूनही पाहत नाही. साहेबांची गाडी आली तर उठून बाजूला होतं. नव्या ट्रकवर भुंकतं, पण त्याच ट्रकमधून नेहमीचा क्लीनर उतरला की भुंकणं अर्ध्यात तोडून शेपूट हलवतं. भंगार वेचायला गोणी घेऊन आलेल्या माणसावर मात्र सुटतंच, गोणीवर जास्त. ही माणसं ते कधी शिकलं? जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत अनेक वर्षं पिल्लं वाढवून १९६५ मध्ये मांडलं की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला जे भेटतात ते त्याचे ‘आपले’ होतात. इथली पिल्लं स्क्रॅप यार्डामागे, लाकडी पॅलेटच्या थप्पीखाली जन्मतात. डोळे उघडल्यावर त्यांना दिसतात ते निळे-खाकी गणवेश, ऐकू येतात ते पाळीचे भोंगे आणि फोर्कलिफ्टची पिपाणी. त्यांचं घर तेच.

आणि म्हणूनच एकच धनी जन्मभर ही समजूत इथे टिकत नाही. सिक्युरिटी एजन्सीचं कंत्राट संपलं की एका दिवसात गेटवरचे सगळे चेहरे बदलतात. कुत्रं बावरतं, पलीकडच्या टपरीपाशी जाऊन बसतं, आणि काही दिवसांत नव्या वॉचमनच्या डब्यातली चपाती खाताना दिसतं. याला कुणी बेइमानी म्हणेल. हंगेरीत मार्ता गात्ची यांनी २००१ मध्ये निवाऱ्यातल्या प्रौढ कुत्र्यांवर केलेलं काम याचं उत्तर देतं. एका माणसाने तीन वेळा, प्रत्येकी जेमतेम दहा मिनिटं, त्यांच्याशी खेळून-बोलून घेतलं, एवढ्यावर ती कुत्री त्या माणसाशी बांधली गेल्याची लक्षणं दाखवू लागली. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्र यांच्या गटाने खास भारतातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम केलं आहे, आणि ते आपल्या दृष्टीने फार मोलाचं. २०१७ च्या त्यांच्या प्रयोगात अनोळखी माणसाने पुन्हा पुन्हा येऊन खायला दिलं तर काय आणि डोक्यावरून हात फिरवला तर काय, हे तपासलं. विश्वास जास्त बसला तो हाताच्या स्पर्शाने. खाल्ल्या मिठाला जागणारं जनावर म्हणून आपण कुत्र्याला वाखाणतो. दिसतं असं की ते मिठापेक्षा हाताला जास्त जागतं.

प्राधिकरणातल्या बंगल्यांचा आणि वाकड-रावेतच्या फ्लॅटांचा प्रकार निराळा. तिथे राखणीसाठी जात पाहून कुत्रं आणतात. जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन. आपल्याकडच्या मुधोळ आणि कारवानी कुत्र्यांचंही अलीकडे कौतुक होतं आणि ते व्हायला हवं, पण ती मुळात नजरेने शिकार हेरून धावणारी कुत्री, दारात बसून राखण करणारी नव्हेत. जातीवरून स्वभाव विकत घेता येतो ही समजूतच डळमळीत आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती तपासली गेली तेव्हा एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून सांगता आला. बाकीच्यात त्याच्या वाढण्याचा आणि त्याच्या माणसांचाही वाटा. दिवसभर साखळीने बांधून रात्री अंगणात सोडलेलं महागडं कुत्रं इमानी होत नाही, बिथरलेलं होतं, हे पशुवैद्य सांगून थकले आहेत.

एमआयडीसीच्या हद्दीबाहेर पडलं की लगेच ऊस लागतो आणि तिथे राखणीचा अर्थ एकदम कठीण होतो. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूर हा सगळा बिबट्याचा मुलूख. मार्च २०२४ मध्ये चाकणजवळच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यातच बिबट्या शिरला होता आणि वनखात्याने बेशुद्ध करून त्याला बाहेर काढेपर्यंत काम थांबलं होतं. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, त्यात बिबट्याच्या खाण्यातला ३९ टक्के भाग कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा फक्त ११ टक्के, खरं तर त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट. कारण उघड आहे. शेळ्या रात्री गोठ्यात कोंडलेल्या असतात आणि कुत्रं दाराबाहेर असतं. आपण दार लावून घेतो, बिबट्याची चाहूल लागली की ते भुंकतं, आपल्याला कळतं आणि बऱ्याचदा तेच जातं.

मेंढपाळ धनगरांची कुत्री या बाबतीत जास्त नशीबवान. ती कळपातच वाढतात, मेंढ्यांना आपलं गणगोत मानतात, रात्री एकटी नसतात, आणि बिबट्या नेहमी मानेलाच धरतो म्हणून त्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालण्याची चाल आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात, लागोपाठ माणसं दगावल्यानंतर, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची माणसं स्वतःच्या गळ्यात तसलेच खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाऊ लागली. वर्तमानपत्रांतली ती छायाचित्रं ज्यांनी पाहिली त्यांना वाड्यावस्तीवरच्या कुत्र्याने आजवर रोज रात्री काय अंगावर घेतलं, हे समजावून सांगायला नको.

सरकारी नोकरीतल्या कुत्र्यांबद्दल थोडक्यात. पुण्यात शिवाजीनगरला राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. मुंबई पोलिसांचा जंजीर तिथलाच. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी आणि नंतर त्याने तीन हजार किलोंहून अधिक स्फोटकं हुडकली आणि असंख्य जीव वाचवले. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा त्याला मानवंदना देण्यात आली. २६/११ च्या हल्ल्यात काम केलेल्या मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर यांना निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर ठेवलं होतं. सोबती एकामागून एक गेल्यावर सीझर खचला आणि २०१६ मध्ये गेला. जंजीरला स्फोटकं म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. वास सापडला की आपला हँडलर खूश होतो, हे ठाऊक होतं. यात कमीपणा काही नाही. एवढ्या आधारावर ते जनावर माणसासाठी आयुष्यभर बॉम्बला नाक लावत राहिलं.

आता दुसरी बाजू, आणि ती टाळून चालणार नाही. गेटवरच्या वॉचमनला जी राखण वाटते तीच पहाटे सायकलवरून पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराला, पार्सल घेऊन आलेल्या पोराला, शाळेत चाललेल्या मुलीला दहशत असते. मादी व्यालेली असेल, हद्दीवरून टोळ्यांत भांडण लागलं असेल, हेल्मेटमुळे चेहरा दिसत नसेल, तर ओळखीच्याही अंगावर कुत्रं जातं. आपल्यांना जपण्याच्या स्वभावातच परक्याला हाकलणं येतं. एक हवं आणि दुसरं नको, असं होत नाही. आणि रेबीज झाला की मरण ठरलेलं. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चावा, ओरखडा काहीही असो, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावून पाळी भरायला जाणारे कामगार अजून आहेत, म्हणून हे लिहावं लागतं.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोचला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आधी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलण्याचा आदेश झाला, मग ११ दिवसांत तो बदलून नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडण्याचं ठरलं, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं इथून ती हटवायला सांगितलं. कारखान्याचं गेट त्या यादीत येत नाही. तिथे २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियमच लागू, म्हणजे पकडा, नसबंदी करा, लस टोचा, परत सोडा. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं हे काम नेहरूनगरच्या केंद्रातून चालतं. चाकण आणि आसपासची गावं महापालिकेच्या हद्दीबाहेर. रस्त्याच्या एका बाजूच्या कुत्रीची नसबंदी होते, दुसऱ्या बाजूची वर्षातून दोनदा विते. कंपन्यांकडे सामाजिक कामासाठी राखीव निधी असतो, गेटवरची कुत्री ही त्यांचीच राखण करत असतात, आणि तरीही हे काम कुणाचं यावर कुणी बोलत नाही, याचा मला खरोखर संताप येतो.

माणसाच्या बाजूच्या इमानाबद्दल कायद्यात काय आहे? १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार कुत्र्याला आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधणं गुन्हा आहे. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं गुन्हा आहे. ते भुकेने तहानेने कळवळेल अशा जागी टाकून जाणं हाही गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. साठ वर्षांहून अधिक काळ तो तेवढाच आहे. शेड बंद पडली, प्लॉट विकला, मालक बदलीवर गेला, की कुंपणाच्या आत बांधलेलं कुत्रं तिथेच सोडून जायची किंमत एक चहा-वडापाव इतकी.

मोठे उपाय व्हायचे तेव्हा होतील. एक छोटा उपाय गेटवरच होण्यासारखा आहे. पाळी बदलताना प्रत्येक वॉचमन चार्ज रजिस्टर भरतो. टॉर्च एक, काठी एक, चाव्यांचा जुडगा एक, अग्निशामक सिलिंडर इतके, वॉकीटॉकी चालू. एजन्सी बदलली तरी हे रजिस्टर नव्या लोकांच्या हाती जातं. रात्रीची निम्मी राखण ज्याच्यावर आहे त्याचा त्यात उल्लेख नसतो. तिथे एक रकाना वाढवायचा: गेटवर कुत्री किती, नसबंदी झाली का, रेबीजची लस कोणत्या तारखेला टोचली, पुढची कधी, चावल्याची तक्रार आहे का. म्हणजे नव्या वॉचमनला पहिल्याच रात्री कळेल की पायरीशी बसलेलं कुत्रं कोणतं, त्याच्या जवळ जायला हरकत आहे का, आणि पुढच्या लसीसाठी कुणाला फोन लावायचा.